गेट मीटिंग कुठं घ्यायची?

गिरणगावातल्या कार्यकर्त्यांची आत्मकथनं वाचताना एक चित्र हटकून भेटतं. भोंगा होतो, पाळी सुटते, गिरणीच्या दाराशी कुणीतरी स्टूल आणून ठेवतं आणि त्यावर उभा राहून पुढारी बोलायला लागतो. गेट मीटिंग. कामगार चळवळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हे दार येतं. आत मालक, बाहेर कामगार, आणि संप म्हणजे दाराबाहेर थांबणं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कामगार लढ्यांविषयी गेली काही वर्षं मी वाचते आहे. हा इतिहास इतक्या उशिरा का लिहिला गेला, याचं एक उत्तर मला या दाराशी सापडतं. त्या बायकांना गेटच नव्हतं. शंभर घरांत शंभर जणी, प्रत्येकीची मालकीण वेगळी, पगार वेगळा, सुटायची वेळ मालकिणीच्या मर्जीवर. अशा कामगारांनी एकमेकींना भेटायचं कुठं? आणि त्या भेटल्या, तर त्याची नोंद करणारा तिथं कोण असणार?

हा प्रश्न हातात धरून मी चार पुस्तकं-लेखांकडे पाहणार आहे. त्यांतलं एक इतिहासकाराचं, एक पत्रकार-कार्यकर्त्यांचं, एक चक्क विनोदी संवादांचं आणि एक अलीकडचं. त्यांचा दर्जा सारखा नाही.

सुरुवात १८६६पासून करावी लागते. गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती १८६५च्या डिसेंबरात झाली. त्यानंतर सहा महिन्यांनी, जून १८६६मध्ये, मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावी कपडे धुणाऱ्या बायकांनी महापौरांना पत्र लिहिलं. त्यात दर ठरवून दिले होते : दिवसाच्या कामाला दीड डॉलर, कुटुंबाच्या महिन्याच्या धुण्याला १५ डॉलर, एकट्या माणसाच्या धुण्याला १० डॉलर. आपल्यातली कुणी याहून कमी घेईल तिला आम्ही दंड करू, असंही त्यांनी कळवलं होतं. खाली कुणा एकीचं नाव नाही. सही ‘जॅक्सनच्या धुणाऱ्या बायका’ अशी आहे. मिसिसिपीतली ही पहिली कामगार संघटना मानली जाते.

महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३मध्ये अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. मराठी वाचकाच्या मनात अमेरिकी गुलामगिरीचा अंत या अर्पणपत्रिकेपासून रुजला आहे, आणि तो मुक्त करणाऱ्यांच्या बाजूनं रुजला आहे. मुक्त झालेल्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केलं, हा प्रश्न आपल्याकडे मागेच राहिला. ‘गुलामगिरी’ लिहिली जात होती त्याच्या सात वर्षं आधी जॅक्सनच्या बायका आपल्या घामाचा दर ठरवून मोकळ्या झाल्या होत्या.

आता टेरा हंटर यांचं ‘टु जॉय माय फ्रीडम’ हे १९९७चं पुस्तक. विषय यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेतल्या, मुख्यतः अटलांटा शहरातल्या, कृष्णवर्णीय कष्टकरी स्त्रिया. या पुस्तकाचं मोठेपण मला एका साध्या निरीक्षणात दिसतं. घरकामाच्या सगळ्या प्रकारांत धुणं हे सर्वांत कष्टाचं. तरी बायका, विशेषतः लग्न झालेल्या आणि लेकुरवाळ्या, धुणंच पत्करत. का? कारण ते स्वतःच्या घरी नेता येई. सोमवारी गाठोडी आणायची आणि शनिवारी इस्त्री केलेले कपडे पोचवायचे. मधल्या दिवसांत विहिरीचं किंवा नळाचं पाणी वाहून आणणं, चुलीवर ते उकळणं, लाय घालून साबण करणं, गव्हाच्या कोंड्याची खळ काढणं, दारूची पिंपं अर्धी कापून केलेल्या टबांत कपडे घोळणं. हे सगळं अंगण सामाईक असल्यामुळे चार जणींच्या संगतीत व्हायचं. गोऱ्या मालकिणीची नजर नसायची. पोरं पायाशी खेळत असायची. स्वयंपाकीण मालकिणीच्या स्वयंपाकघरात एकटी असे. धुणारी आपल्या वस्तीत, आपल्या माणसांत असे. गिरणीच्या दाराचं काम इथं विहिरीनं आणि अंगणानं केलं.

(एक शब्दाची अडचण इथंच सांगून टाकते. या बायकांना ‘परटिणी’ म्हणावं असं पटकन मनात येतं. पण परीट ही आपल्याकडे जात आहे, आणि तिथं जातीनं वाटून दिलेला धंदा नव्हता. वर्ण आणि स्त्रीपण यांनी मिळून बाकीची दारं लावली होती, हेच एक उघडं होतं. म्हणून ‘धुणाऱ्या बायका’ एवढंच म्हणते.)

१८८१च्या जुलैत अटलांटातल्या वीसेक जणी एका चर्चमध्ये जमल्या, त्यांनी ‘वॉशिंग सोसायटी’ स्थापन केली आणि १२ पौंड धुण्याला एक डॉलर असा दर मागितला. १९ जुलैला संप सुरू झाला. त्या दारोदार फिरून इतरांना सामील करून घेत होत्या. तीन आठवड्यांत संपकऱ्यांची संख्या तीन हजारांवर गेली. त्यांत थोड्या गोऱ्या बायकाही होत्या. पोलिसांनी पुढारी बायकांना गैरवर्तनाच्या आरोपाखाली पकडलं, दंड ठोठावले. मग नगरपरिषदेत प्रस्ताव आला की धुणाऱ्या बायकांच्या संघटनेतल्या प्रत्येक सभासद बाईनं वर्षाला २५ डॉलरचा परवाना काढावा. महिन्याला चार ते आठ डॉलर मिळवणाऱ्या बाईकडून २५ डॉलर!

यावर सोसायटीनं महापौरांना जे पत्र पाठवलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत हुशार पत्र वाटतं. त्याचा आशय असा : परवान्याचे २५ काय, ५० डॉलरही आम्ही भरू, पण मग शहराच्या धुण्यावर ताबा आमचा राहील. परवाना म्हणजे त्यांचं कंबरडं मोडण्यासाठी उगारलेली काठी होती. त्यांनी ती धरली आणि मक्तेदारीचा हक्क म्हणून मागायला सुरुवात केली. परिषदेनं शेवटी परवान्याचा प्रस्ताव फेटाळला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अटलांटात कापसाचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरायचं होतं, ‘नवी दक्षिण’ म्हणून शहर स्वतःला मिरवणार होतं, आणि पाहुण्यांचे कपडे कोण धुणार ही धास्ती कारभाऱ्यांना होतीच.

हंटर यांच्यापुढची अडचण साधनांची आहे. संपाची बहुतेक हकिकत ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकातून येते, आणि ते संपाच्या विरोधात होतं. आधी टिंगल, मग टिंगलीत भीती, मग धमक्या. हंटर या बातम्या उलट्या बाजूनं वाचतात. पत्राचा सूर कुठल्या दिवशी बदलला यावरून संप कुठल्या दिवशी चावू लागला हे त्या ओळखतात. हे वाचन बहुतेक ठिकाणी पटतं. काही जागी मात्र त्या बायकांच्या मनातले हेतू फार खात्रीनं सांगितले जातात, तेव्हा मी थबकते. शत्रूच्या बातमीतून कृती कळते, मन कळतंच असं नाही. उलट रात्रीच्या नाचघरांवरचं प्रकरण, जे मी आधी चाळून पुढे जाणार होते, तेच अधिक भक्कम निघालं. रात्री नाचून आलेली मोलकरीण सकाळी पेंगते, अशी मालकांची ओरड होती. दिवसभर दुसऱ्यासाठी वाकलेलं शरीर रात्री स्वतःच्या सुखासाठी हलवणं यात हंटर यांना हक्काची मागणी दिसते. पुस्तकाच्या नावातला आनंद तो हाच.

एक गोष्ट गौरवकथांतून गळते, ती सांगायला हवी. १८७७मध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला धुणाऱ्या बायकांनी संप केला, तेव्हा त्यांचा राग चिनी धोब्यांच्या दुकानांवरही निघाला. त्यांना गाव सोडायला बजावण्यात आलं. तळातल्या माणसाचा लढा म्हणून तो आपोआप सर्वांना कवेत घेणारा होतो असं नाही. दलित आणि स्त्रीवादी लेखनाच्या आपल्या चर्चांत हे अनेकदा बोललं गेलं आहे, त्यामुळे त्यावर अधिक रेंगाळत नाही.

विहिरीवरून आता रस्त्याच्या कोपऱ्यावर जायचं. मधल्या काळात हजारो कुटुंबं दक्षिण सोडून उत्तरेतल्या शहरांत आली. मग १९२९नंतरची महामंदी. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात काही ठराविक कोपऱ्यांवर सकाळपासून कृष्णवर्णीय बायका कामाचे कपडे कागदी पिशवीत घेऊन उभ्या राहत; गोऱ्या गृहिणी येत, निरखून पाहत, तासाचा दर ठरवत आणि घेऊन जात. मुंबईतल्या नाका कामगाराला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. एला बेकर आणि मार्वल कुक या दोघींनी यावर ‘क्रायसिस’ मासिकाच्या नोव्हेंबर १९३५च्या अंकात लेख लिहिला. शीर्षकात त्यांनी या जागेला ‘गुलामबाजार’ म्हटलं. तासाला १५ ते ३० सेंट, आणि कधी तेही नाहीत.

हा लेख शोधपत्रकारितेचा नमुना म्हणून नावाजला जातो, आणि तो मान त्याला मिळायलाच हवा. पण मला त्यातली एक दुखरी जागा महत्त्वाची वाटते. लेखिका या बायकांवर थोड्या रागावल्या आहेत. यांना आपल्या एकजुटीच्या बळाची जाणीव नाही, जिद्द असली की माणूस वर येतो या अमेरिकी भ्रमाला या अजून धरून आहेत, असा त्यांचा सूर आहे. तो खोटा नाही. तरी कोपऱ्याचा दोष तो बाईचा दोष म्हणून मांडला जातो आहे असं वाटत राहतं. अटलांटाच्या अंगणात शेजारीण सोबतीण होती. ब्राँक्सच्या कोपऱ्यावर शेजारची बाई पाच सेंट कमी सांगून आपलं काम नेणारी. जागाच अशी की तिथं उभं राहिलं की स्पर्धा सुरू होते. हार्लेममध्ये डोरा ली जोन्स यांनी १९३४मध्ये घरकामगारांची युनियन काढली होती आणि लेखात तिचा आधार घेतलेला आहे, पण कोपरा आणि युनियन यांच्यातलं अंतर लेखिकांना वाटलं त्याहून मोठं होतं. मार्वल कुक १९५०मध्ये पुन्हा या विषयाकडे वळल्या. या वेळी त्या स्वतः कागदी पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहिल्या, घरांत जाऊन फरशा पुसल्या आणि ‘डेली कंपास’मध्ये मालिका लिहिली. त्या मालिकेत रागाचा रोख बदललेला आहे. खाली वाकून पुसल्यावर उपदेश कमी सुचतो, असं म्हणावंसं वाटतं.

याच काळात कायद्यानंही गेट नसलेल्यांना बाहेर ठेवलं. १९३५चा युनियनच्या हक्काचा कायदा, त्याच वर्षीचा सामाजिक सुरक्षेचा कायदा, १९३८चा किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा कायदा, हे अमेरिकी कामगारांच्या हक्कांचे पायाचे दगड. तिन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. कायद्यात वर्णाचा शब्द नाही, फक्त व्यवसायाचा आहे. आणि दक्षिणेतली कृष्णवर्णीय माणसं मोठ्या संख्येनं त्याच दोन व्यवसायांत होती. क्लॉडिया जोन्स या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या कम्युनिस्ट विचारवंत स्त्रीनं १९४९च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वर्ग, वर्ण आणि लिंग अशा तिहेरी जाचाची मांडणी करताना पुरोगामी गोऱ्या घरांनाही सोडलं नाही. समतेवर बोलणाऱ्या घरात बाईला कसं वागवलं जातं, हे त्यांनी स्वतःच्या पक्षातल्या लोकांना विचारलं. पुढे १९५५मध्ये अमेरिकेनं त्यांना हद्दपार केलं.

अ‍ॅलिस चिल्ड्रेस यांचं ‘लाइक वन ऑफ द फॅमिली’ हे १९५६चं पुस्तक मला या चौघांत सर्वांत आवडतं, आणि मराठी वाचकाला ते सर्वांत जवळचं वाटेल. पॉल रोबसन यांच्या ‘फ्रीडम’ या पत्रात हे संवाद आधी सदर म्हणून येत होते. मिल्ड्रेड ही घरकाम करणारी बाई कामावरून परत येते आणि मार्ज या मैत्रिणीला दिवसभराची हकिकत सांगते. मार्ज एक शब्दही बोलत नाही. ती काय म्हणाली असेल ते मिल्ड्रेडच्या उत्तरावरून आपल्याला कळतं. एकपात्री म्हणावं तर समोर माणूस आहे, संवाद म्हणावं तर एकच आवाज आहे. ही रचना गंमत म्हणून केलेली नाही. दिवसभर ज्या घरात तोंड उघडायचं नसतं तिथून सुटल्यावर बोलायची जागा म्हणजे मैत्रिणीचं घर. चिल्ड्रेसनं गेट मीटिंग तिथं नेली, दोघींची.

पुस्तकाचं नावच आपल्या ओळखीचं आहे : ‘घरच्यासारखी’. मालकीण पाहुणीला कौतुकानं सांगते की आमची मिल्ड्रेड अगदी घरच्यासारखी. पाहुणी गेल्यावर मिल्ड्रेड शांतपणे हिशेब मांडते. घरची माणसं दिवाणखान्यात जेवतात, मी स्वयंपाकघरात. तुमचा कुत्राही माझ्याहून घरचा, कारण तो तुमच्या पलंगावर झोपतो. आणि हे सगळं ऐकवून झाल्यावर ती पगारवाढ मागते. विनोद चोख आहे, पण शेवटची मागणी त्याला पोचपावती देते. दुसऱ्या एका संवादात ती घरकामगारांच्या युनियनची कल्पना रंगवते. गिरणीसारखे फलक धरून बायका एखाद्या घरापुढे उभ्या राहिल्या तर काय होईल, हे चित्र ती मार्जपुढे हसत उभं करते. १९५६मध्ये हे हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. पुस्तकाची उणीवही सांगते : मिल्ड्रेड कधी हरत नाही. प्रत्येक घरात तिला नेमकं उत्तर सुचतं आणि मालकीण निरुत्तर होते. पंचवीसेक संवादांनंतर हे खटकू लागतं. अटलांटाच्याच डोरोथी बोल्डन यांनी तरुणपणी एका मालकिणीला जादा भांडी घासायला नकार दिला होता, तेव्हा पोलीस त्यांना घेऊन गेले. गोऱ्या बाईला उलट बोलणारी ही वेडीच असणार, असं ठरवलं गेलं. हे मिल्ड्रेडच्या जगात घडत नाही.

बोल्डन यांची गोष्ट प्रेमिला नडासेन यांच्या ‘हाउसहोल्ड वर्कर्स युनाइट’ (२०१५) या पुस्तकात सविस्तर येते. बोल्डन यांनी वयाच्या नवव्या वर्षी कामाला सुरुवात केली, आणि १९६८मध्ये ‘नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स युनियन ऑफ अमेरिका’ काढली. त्यांनी सभासद मिळवले बसमध्ये. पहाटे श्रीमंत वस्त्यांकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या बसमध्ये सगळ्या बायका घरकामालाच जाणाऱ्या. बोल्डन शहरातल्या बसमार्गांवरून फिरत राहिल्या, पगार विचारत राहिल्या, एकीचा पगार दुसरीला ऐकवत राहिल्या. चालती गेट मीटिंग! कायद्यानं त्यांना सामूहिक करार करता येत नव्हता, म्हणून प्रत्येकीनं आपल्या मालकिणीशी काय आणि कसं बोलायचं याची तालीम त्या करून घेत. सभासद व्हायचं तर मतदार म्हणून नाव नोंदवायची अट होती.

बस ही जागा आणखी एका कारणानं ओळखीची आहे. १९५५-५६मध्ये माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि तो पायी चालणाऱ्या घरकामगार बायकांच्या जिवावर चालला. आपल्याला त्यातले रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग ठाऊक असतात. नडासेन जॉर्जिया गिलमोर यांच्यापासून सुरुवात करतात. या स्वयंपाकीण बाईनं कोर्टात साक्ष दिल्यावर नोकरी गेली. त्यांनी बायका जमवून जेवण, केक विकून बहिष्कारासाठी पैसे उभे केले. पैसे कुठून आले असं विचारलं तर ‘कुठून नाही’ असं उत्तर द्यायचं, म्हणून मंडळाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे देणाऱ्या आणि पदार्थ विकत घेणाऱ्यांची नोकरी जाऊ नये म्हणून निवडलेलं हे नाव.

नडासेन यांचा मुद्दा असा की या बायकांनी गोष्टी सांगून संघटना बांधली. मालकिणींच्या, अपमानांच्या, आयांच्या गोष्टी. हे वाचताना ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) आठवणं अपरिहार्य आहे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्या दोघी शोधत गेल्या, आणि सभावृत्तांतात नसलेला इतिहास स्वयंपाकघरात बसून ऐकला. मला वाटतं, कृष्णवर्णीय चळवळीशी मराठीचं नातं आपण फार काळ १९७२च्या दलित पँथरपुरतं, वळलेल्या मुठीपुरतं आणि कवितेपुरतं मोजलं. पद्धतीचं हे दुसरं नातं तितकंच खरं आहे. नडासेन यांच्या पुस्तकात माझी एक तक्रार राहते. १९७१मध्ये वॉशिंग्टनला सुमारे सहाशे घरकामगार बायका जमल्या, शर्ली चिझम यांनी त्यांच्यापुढे भाषण केलं, ‘हाउसहोल्ड टेक्निशियन्स ऑफ अमेरिका’ ही देशव्यापी संघटना उभी राहिली. हे सारं उत्साहानं येतं. पण दशकभरात ती का विरली, हे प्रकरण मानानं आटोपशीर आहे.

‘टेक्निशियन’ या नावाला तेव्हा अनेक जण हसले. नावाचा प्रश्न आपल्याकडेही आहे. पुण्यात १९८०मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून जी संघटना झाली तिनं ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ असं नाव घेतलं. २००८च्या महाराष्ट्राच्या कायद्यात शब्द आहे ‘घरेलू कामगार’. मोलकरीण म्हणणं आपल्याला आता बरं वाटत नाही, ‘मावशी’ म्हणणं बरं वाटतं. पण मोलकरीण या शब्दात मोल आहे. मावशीला मोल द्यावं लागत नाही.

१९७४मध्ये अमेरिकेत दुरुस्ती झाली आणि घरकामगार किमान वेतनाच्या कायद्यात आले. त्याच दुरुस्तीत एक अपवाद ठेवला गेला : म्हाताऱ्या किंवा आजारी माणसांना घरी ‘सोबत’ करणाऱ्यांना कायदा लागू नाही. सोबत म्हणजे काम नव्हे, असा त्याचा अर्थ. जमैकातून आलेल्या एव्हलिन कोक या बाईनं न्यू यॉर्कमध्ये वीसहून अधिक वर्षं आजारी माणसांना न्हाऊमाखू घातलं, जेवण दिलं, रात्री जागून काढल्या. जादा तासांचे पैसे मिळावेत म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २००७मध्ये नऊही न्यायाधीशांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. २००९मध्ये कोक वारल्या. एजन्सीमार्फत नेमलेल्या अशा बायकांना जादा तासांचे पैसे देणारा नियम २०१३मध्ये झाला आणि लागू झाला २०१५मध्ये.